वरवंटा

स्वारगेटवर वेल्ह्याची गाडी लागली
तरी पिशवी मांडीवरच धरून बसले.
शेजारची म्हणाली, खाली ठेवा की, काय आहे त्यात एवढं जड?
दगड, म्हटलं.
ती जरा सरकून बसली.

खोटं नव्हतं ते.
बदलीचा हुकूम आला त्या मे महिन्यात
टेम्पो पोरांनीच भरला होता,
आधी कपाट, मग गादी, मग ओट्यावर दिसेल ते.
ओटा दोघींचा, ठकूबाईचा नि माझा.
पाटा-वरवंटा मात्र तिच्या एकटीचा.
पाटा उचलेना म्हणून तेवढा मागे राहिला.

धायरीच्या फ्लॅटमध्ये मिक्सर होता.
तेवीस वर्षं वरवंट्यानं गॅलरीचं दार धरून ठेवलं.
दर दिवाळीला म्हणायचे, नेऊन द्यायला हवा.
परवा ह्यांचं वर्षश्राद्ध झालं
आणि घर आवरताना मुलानं विचारलं,
आई, हा टाकू का?

कात्रजचा बोगदा संपता संपता कंडक्टर आला.
आसनवाडी फाटा, एक अर्धं.
यंत्रावरची त्याची बोटं थांबली.
परत एकदा म्हणा.
काय?
आसनवाडी.
म्हटलं.
आपल्या बाईच की, असं स्वतःशीच बोलून
भर गाडीत तो पायांशी वाकला.
मी दौलत. दौलत ढेबे. धनगरवाड्यावरनं यायचो.
अरे हो हो, म्हणाले मी
आणि मला काही म्हणता काही आठवलं नाही.

ज्यांना मारलं ती सगळी लक्षात आहेत.
तुळशीराम रेणुसेचा डावा कान.
पाटी थुंकीनं पुसणारी छबी.
स्कॉलरशिपवाली दोघंही आहेत.
पण मधल्या ओळीतला, दोन डोंगर उतरून वेळेवर येणारा,
हजेरीत नुसता एक उभा दंड होऊन राहिलेला पोरगा
मी नसरापूरपर्यंत शोधत होते.
तिकिटाचे पैसे त्यानं घेतले नाहीत.
तेही बरं वाटलं नाही.

फोन त्यानंच केला असणार.
फाट्यावर चौघं उभी होती, तुळशीराम मोटारसायकलवर.
बाई, हा कान अजून गरम हाय, म्हणाला
आणि हसला इतका
की माफी मागायची राहूनच गेली.
छबी आता अंगणवाडीत शिकवते,
पोरांनी पाटी थुंकीनं पुसली तर ओरडते म्हणे.
शाळेत यंदा दोनच मुलं,
तीही सख्खी भावंडं.
धाकटं आजारी पडलं की थोरलंही येत नाही.

ठकूबाईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात संशय.
कोन?
मास्तरीण.
कुटली?
बोलण्यापेक्षा वरवंटाच काढून तिच्या हातात दिला.
तिनं तो मांडीवर घेतला, फिरवला,
कडेवरच्या टवक्यावर अंगठा ठेवला.
ह्यो माज्या सासूनं पाडल्याला.
मंग कदी निगालीस, च्या घेतलास का?
जणू मी तालुक्याला पगार आणायला गेले होते.

सुनेनं लसूण-मिरची आणली.
वरवंटा पाट्यावर टेकवला तर डुगडुगला.
कानंदीतला एक गोटा उचलून आणून
ठकूबाईनं इतकी वर्षं त्यावरच वाटलं होतं;
पाटा मध्ये खोल गेलेला, त्या गोट्याच्या मापानं.
आता तुजा बसत न्हाई बग, ती म्हणाली.
तुजा.
मग गोट्यानंच चटणी वाटली, भाकरी खाल्ली,
कोण गेलं, कोण वाघोलीला ट्रक चालवतं,
कोणाची मुलगी नर्स झाली, सगळं झालं.

निघताना पिशवी उचलली तर तेवढीच जड.
नीऊ दे, दार आपटंल न्हाईतर.
दाराचं मी तिला सांगितलं होतं का?
सांगितलं असेल. तिसऱ्या भाकरीला बरंच बोलले.

परतीची गाडी तीच.
बाई, अजून जडच? त्यानं विचारलं.
पन्नासची नोट पुढं धरली.
दौलत, म्हटलं, सुटे नाहीत माझ्याकडे.
ह्या वेळी त्यानं घेतली.